चुलतभाऊ गेल्यापासून घरात त्याचं नावच कुणी काढत नाही. आमच्या लहानपणीच्या आठवणी जपायच्या कशा?

नाव काढलं की काकू रडते, म्हणून सगळे गप्प बसतात, असं तुम्ही लिहिलंय. माझं ऐकाल तर तिला रडू द्या. तुम्ही विषय टाळलात म्हणून ती विसरत नाही, एकटी आठवत बसते एवढंच.

माझा मामेभाऊ गेल्या वर्षी गेला. आम्ही सगळी भावंडं त्याला दादा म्हणायचो. मामा गिरणीत साचेखात्यात होता, राहायला लालबागच्या चाळीत, आणि आमची दर मे महिन्याची सुट्टी तिथेच जायची. दादा गेल्यावर फोटो शोधले. पण तेव्हा कॅमेरा होता कुणाकडे! लग्नामुंजीतले दोनचार निघाले, त्यातही दादा कुणाच्या तरी खांद्यामागे, डोळे मिटलेला. तेव्हा फोटोंच्या भरवशावर राहू नका, बरोबर वाढलेली माणसं गाठा.

आणि त्यांना 'तो कसा होता?' असं विचारू नका. गेलेल्या माणसाबद्दल सगळे एकच सांगतात: मनमिळाऊ, हसतमुख, कुणाच्याही मदतीला धावणारा. आमचा दादा अजिबात धावायचा नाही. नळाला पाणी आलं आणि बादल्या उचलायची वेळ झाली की हा पोटमाळ्यावर झोपलेला सापडायचा. बारीकसारीक विचारा. डबलडेकरमध्ये वरच्या मजल्यावर पुढची सीट कुणाची? रात्री गॅलरीत सतरंज्या टाकल्या की कठड्याकडेला कोण? कालाखट्टा कोण घ्यायचं? यावरून वाद होतात. होऊ द्यात, त्यातच माणूस नीट आठवतो.

आमचा वाद १९८२च्या सुट्टीवरून झाला. १८ जानेवारीला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला होता, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर होते, आणि मे उजाडला तरी मिटण्याचं नाव नव्हतं. माझ्या लेखी ती सगळ्यात मजेची सुट्टी. एरवी मामा रात्रपाळी करून झोपलेला असायचा आणि आम्हाला कुजबुजत खेळावं लागायचं. त्या वर्षी तो दिवसभर घरी. आमच्याशी पत्ते खेळला, त्यात लबाडी केली, आम्हा सगळ्यांना चालत राणीच्या बागेत घेऊन गेला.

हे मी दादाच्या धाकट्या बहिणीला फोनवर सांगत होते, तर ती म्हणाली, "अगं, चालत का नेलं? बसला पैसे नव्हते." मग म्हणाली, दादा तेव्हा पहाटे पेपर टाकायला जायचा. आम्ही उठायच्या आत परत येऊन सतरंजीवर आडवा व्हायचा. पाहुण्या भावंडांना कळू द्यायचं नाही, अशी तिला ताकीद होती. तेव्हा तो आठवीत होता. आम्ही त्याला कुंभकर्ण म्हणायचो.

एकाच खोलीत काढलेली एकच सुट्टी, पण तिची आणि माझी वेगळी. मी माझी मजा खोडून टाकलेली नाही. मामा पत्त्यांत लबाडी करायचा, ते खोटं थोडंच आहे? दोन्ही वहीत लिहून ठेवलंय, कुणी सांगितलं त्याच्या नावासकट.

बाणगंगेवर दहाव्याला कावळा शिवेना. मोठी माणसं नेहमीचं सांगत होती, मुलांची काळजी करू नकोस, आम्ही आहोत. शेवटी सगळ्यात धाकटा भाऊ पुढे होऊन म्हणाला, "दादा, कॅरमची राणी मीच लपवली होती." भटजींसकट सगळे हसले. कावळा त्यानंतरही बराच वेळ आला नाही, पण राणीवरून सुरू झालेल्या गप्पा परतीच्या टॅक्सीत संपल्या नाहीत.

जागा बघितल्यावर आठवेल म्हणूनही थांबू नका. आमची चाळ पाडून तिथे टॉवर उभा राहिला. जुन्या डिझेलच्या डबलडेकर सप्टेंबर २०२३ मध्ये बंद झाल्या. नव्या विजेच्या, एसी आहेत, पण खिडकीतून वारा नाही. दादाने नावं ठेवली असती.

वयस्कर माणसांचं मात्र आधी ऐकून घ्या. समोर बसून मुलाखतीसारखं विचारलं की मामी 'काय सांगू, देवमाणूस होता' एवढंच म्हणते. तेच मेथी निवडायला घेतली की आपणहून बोलते. तुमच्या काकूकडेही असंच काहीतरी निवडायला, सोलायला घेऊन बसा आणि त्याचे केस लहानपणी कोण कापायचं, एवढंच विचारा. आधी रडेल, मग सांगेल. फोनवर रेकॉर्ड करायचं असेल तर तिला तसं सांगा, आणि फोन पूर्ण चार्ज करून न्या. या बायका एकदा बोलायला लागल्या की जेवायची वेळ टळते.