ढेकूण झालेत, पण गोळ्या नकोत!

प्रश्न: ताई, आमचं डोंबिवलीत वन-बीएचके आहे. दोन महिन्यांपासून मला आणि मुलीला (वय अडीच) अंगावर लाल गांध्या उठतायत, आधी मच्छर वाटले, मग परवा उशीच्या शिवणीत काळे ठिपके दिसले, सासूबाई बघताक्षणी म्हणाल्या ढेकूण. यांना विचारलं तर म्हणतात मला काही चावत नाही, तुझाच भ्रम आहे. सासूबाई रॉकेल ओता म्हणतात आणि शेजारच्या काकांनी धान्याच्या गोदामात वापरतात त्या गोळ्या आणून दिल्यात, खोलीत ठेवून दार बंद करून दिवसभर बाहेर जा म्हणे. ठेवू का? सोसायटीत कुणाला सांगायचीपण लाज वाटते.
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर: आधी त्या गोळ्यांचं बघू, बाकी सगळं नंतर. ठेवू नका. त्या बहुतेक अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या असणार, हवेतला ओलावा लागला की त्यातून फॉस्फिन नावाचा गॅस सुटतो आणि तो ढेकूण आणि माणूस यात फरक करत नाही. तुम्ही दार बंद करून गेलात तरी गॅस फटीतून, पाइपच्या भोकातून, डक्टमधून शेजारच्या घरात जातो, आणि ढेकणांसाठी ठेवलेल्या अशाच गोळ्यांनी बाजूच्या घरातली लहान मुलं गेल्याच्या बातम्या आपल्याकडे अधूनमधून येतच असतात. त्यावर उतारा म्हणून औषध नाही. घरगुती वापरासाठी या गोळ्या विकायला परवानगीच नाही. पाकीट उघडू नका, पाण्यात किंवा कचऱ्यात टाकू नका, मुलीच्या हाताला लागणार नाही असं कोरड्या जागी ठेवा आणि जिथून आणलं तिथे काकांना परत द्यायला सांगा. चुकून कुणी उघडलंच आणि उलट्या, छातीत जड, धाप असं काही झालं तर खिडक्या उघडून सगळे बाहेर पडा आणि थेट हॉस्पिटल, लिंबूपाणी देत बसू नका.

रॉकेलपण नको, गादीला एक ठिणगी पुरते. आणि कुणी बिनलेबलच्या बाटलीतलं जालीम औषध आणून दिलं तर तेही नको, ढेकणांसाठी सर्रास मारायचे ते डायक्लोरव्हॉस 2020 च्या डिसेंबरअखेर देशात बंद झालंय.

आता यांचं. त्यांनाही चावतायत हो! ढेकूण चावल्यावर काहींच्या अंगावर काहीच उठत नाही, म्हणून एकाच गादीवर एक खाजवतो आणि दुसरा घोरतो. रात्री दोन-तीनला टॉर्च घेऊन गादीची शिवण उघडून दाखवा, भ्रम जाईल. आणि लाजेचं म्हणाल तर ढेकूण अस्वच्छतेने होत नाहीत, प्रवासाच्या बॅगेतून नाहीतर जुन्या फर्निचरमधून येतात. मी सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहायचे तेव्हा आमच्या मालकीणबाई रोज दोनदा फरशी पुसायच्या आणि तरी कॉटच्या प्रत्येक स्क्रूच्या भोकात ढेकूण, मी तर डबा भरून चिवडा घरी न्यायला घाबरायचे, बॅगेतून ते माहेरी जातील म्हणून.

ढेकणांचा खरा शत्रू उष्णता. पन्नास डिग्रीच्या वर गेलं की अंड्यासकट मरतात. चादरी, अभ्रे, मुलीचे कपडे खोलीतच पिशवीत भरून तोंड बांधा (हातात कवटाळून घरभर नेलंत तर वाटेत सांडतात), सुती असेल तर उकळत्या पाण्यात नाहीतर मशीनच्या साठ डिग्रीवर. पलंगाचे सांधे, स्क्रूची भोकं, हेडबोर्डची मागची बाजू इथे जुनं एटीएम कार्ड फिरवून खरवडा आणि मग स्टीम. स्टीमर नसेल आणि कॉट लोखंडी असेल तर आजीचा उपाय, अंगणात किंवा बाथरूममध्ये उकळतं पाणी ओतायचं, मुलीला मात्र लांब ठेवा. प्लायवूडवर ओतू नका, फुगेल. गादी नुसती गच्चीत टाकून उपयोग नाही, ऊन लागलं की ते खालच्या बाजूला पळतात आणि आत तेवढं तापतही नाही. त्यापेक्षा गादीला पूर्ण चेनचं कव्हर घालून वर्षभर काढूच नका.

मग पलंग भिंतीपासून वीतभर लांब, मच्छरदाणी किंवा चादर जमिनीला टेकायला नको आणि चारी पायांखाली गुळगुळीत वाट्यांमध्ये साबणाचं पाणी. ढेकूण उडत नाही, उडी मारत नाही, चालतच येतो, आणि वाटीत पडला की सकाळी दिसतो. आणि वैतागून हॉलमध्ये झोपायला जाऊ नका, ते तुमच्या मागे हॉलमध्ये येतात!

एका दिवसात संपणार नाही हे धरून चाला. अंडी खसखशीएवढी, पांढरी, चिकटलेली, आणि बहुतेक स्प्रे त्यांना मारत नाहीत, आठ-दहा दिवसांत पिल्लं बाहेर. म्हणून पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावलंत तर पंधरा दिवसांनी दुसरी फेरी पैशात धरलीये का आणि परवाना आहे का हे आधी विचारा, औषधाचं नाव लिहून घ्या, अडीच वर्षांची मुलगी आहे हे सांगा. एका फेरीत गॅरंटी म्हणणारा मला तरी नकोच वाटतो. बाजूच्या दोन घरांनाही सांगा, भिंत एकच आहे.

प्रश्न: मे महिन्यात घर कुलूप लावून महिनाभर कोकणात गेलो तर ढेकूण उपाशी मरतील का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर: नाही. मोठा ढेकूण न खाता कित्येक महिने काढतो, तुम्ही आंबे खाऊन याल तेव्हा तो तुमची वाट बघत बसलेला असेल. जाण्याआधी बॅग गच्चीतल्या उन्हात काळ्या प्लास्टिकमध्ये दिवसभर ठेवा, निदान कोकणातल्या घरी तरी नेऊ नका.