आधी ती पट्टी सोड

बेटा,

तुझं पत्र मिळालं. तूही माझ्यासारखाच, मुलगी म्हणून वाढवलेला पुरुष. आंघोळ अंधारात करतोस, छातीवर क्रेप बँडेज आवळून वावरात जातोस, रात्रीही काढत नाहीस. आधी ती पट्टी सोड, मग पुढचं वाच.

तुझ्या वयाचा असताना मी मार्चात कपाशीच्या पऱ्हाट्या उपटायला गेलो, तशीच पट्टी बांधून. अकराच्या सुमारास धुऱ्यावर आडवा झालो. बायांना वाटलं ऊन लागलं. एकीने कांदा फोडून नाकाशी धरला. पुढे आठ दिवस श्वास घेताना बरगडी टोचायची. अरे, ती पट्टी मुरगळलेल्या पायासाठी असते! बाइंडर, म्हणजे छाती सपाट दिसावी म्हणून घालायचं घट्ट बनियन, मिळाला तर मापाचाच घे, आठ तासांवर नको. झोपताना आणि अंगमेहनतीत तर नाहीच.

मग वावरात काय? कापूस वेचणाऱ्या बाया लुगड्यावर नवऱ्याचा शर्ट चढवतात, कमरेला कापूस भरायचा ओटा बांधतात. ओटा भरला की सगळ्यांचा आकार सारखाच. त्या शर्टात मी कितीतरी हंगाम सुखाने काढले. आणि आपली वऱ्हाडी बोली! इथे बायाही ‘मी जातो, मी येतो’ म्हणतात. मी मनातून पुरुषासारखा बोलत होतो, कोणाला पत्ताही नव्हता. पुण्याच्या पोरांना ही सोय नाही.

मोबाईलवरची दाढीवाली, दंडवाली पोरं पाहून झुरतोस. टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनने आवाज फुटतो, दाढी येते, पण हळूहळू. छाती त्याने जात नाही. रक्त घट्ट होऊ शकतं, म्हणून तपासण्या लागतात. जिमवाल्याकडून इंजेक्शन घेशील तर माझ्याशी बोलू नकोस. नागपूरला एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे, म्हणजे हार्मोनच्या डॉक्टरकडे जाऊ, मी येतो सोबत. आणि यातलं काहीच करावंसं वाटलं नाही, तरी तू पुरुषच. ओळखीसाठी शस्त्रक्रियेची सक्ती बेकायदा, असं सर्वोच्च न्यायालयाने ट्रान्सजेंडर लोकांच्या हक्कांवरच्या १५ एप्रिल २०१४ च्या नालसा निकालात म्हटलं होतं.

शरीरावर प्रेम कर, असं मी सांगणार नाही. माझी छाती मला आजही आवडत नाही. फक्त आता ती दिवस दिवस आठवत नाही.

मंगळवारी बाजाराला ये. जाड कापडाचा, छातीवर दोन खिशांचा शर्ट शिवू. तुझा एखादा जुना शर्ट आण. आपला शिंपी त्यावरूनच माप घेतो, अंगाला टेप लावत नाही.