सध्या काय वाचताय? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

या वेळच्या टपालात बहुतेक पत्रे एकाच विषयाची आहेत. वाचलेले, किंवा वाचत असलेले, दुसऱ्याला सांगायचे कसे? त्यातली पाच पत्रे निवडली आहेत.

प्रश्न : राजारामपुरीतल्या आमच्या अपार्टमेंटमधल्या आम्ही दहाजणी महिन्यातून एकदा जमतो. प्रत्येकीने सध्या काय वाचतेय ते सांगायचं, असं ठरलंय. पण एखादी अख्खी गोष्ट अर्धा तास सांगत बसते, तर दुसरी ‘लई भारी आहे, वाचाच’ म्हणून मोकळी होते. शेवटच्या तिघी-चौघींची पाळीच येत नाही. हे नीट कसं चालवावं?

उत्तर : दोन्ही तक्रारींचे मूळ एकच आहे. काय सांगायचे ते घरून ठरवून कोणी येत नाही. मग आठवेल तसे सांगत गेले की कथानक लांबते, आणि काहीच आठवले नाही की ‘भारी’ एवढाच शब्द उरतो. त्यावर उपाय म्हणजे प्रत्येकीने पुस्तकातला एकच उतारा निवडून, खुणेची चिठ्ठी घालून आणायचा.

उतारा पाऊण ते एक पानाचा असावा. नेहमीच्या डेमी आकाराच्या मराठी पुस्तकात एका पानावर साधारण अडीचशे ते तीनशे शब्द बसतात आणि ते नीट मोठ्याने वाचायला अडीच मिनिटे लागतात. घरी एकदा तोंडाने वाचून बघा. डोळ्यांनी सहज गेलेले लांब वाक्य तोंडाने वाचताना दम तोडते. असे वाक्य आले तर श्वास कुठे घ्यायचा तिथे पेन्सिलीने बारीक रेघ मारा. पुस्तक वाचनालयाचे असेल तर रेघ मारू नका, चिठ्ठीवर लिहा.

सांगण्याचा क्रम असा ठेवा. आधी पुस्तकाचे नाव, लेखक, अनुवाद असेल तर अनुवादकाचे नाव, प्रकाशक, आणि आपण किती पानांपैकी कितव्या पानावर आहोत. अनुवादक हमखास राहून जातो आणि तिथेच गोंधळ होतो, कारण एकाच कादंबरीचे दोन मराठी अनुवाद असले तर दुसरी मैत्रीण वेगळेच पुस्तक घेऊन बसते. त्यानंतर दोन वाक्यांत विषय. मग उतारा. शेवटी हे पुस्तक आपल्याला कुठे धरून ठेवते आणि कुठे रेंगाळते, ते नेमके सांगायचे. एवढ्याला सहा मिनिटे पुरतात.

दहाजणींचे सहा-सहा मिनिटे म्हणजे एक तास, आणि प्रत्येकीनंतर दोन मिनिटे बोलणे धरले तर ऐंशी मिनिटे होतात. सलग इतके ऐकणे जड जाते. म्हणून एका महिन्यात पाचजणींनी सांगावे, पुढच्या महिन्यात उरलेल्या पाचजणींनी. ज्यांची पाळी नाही त्यांनी फक्त पुस्तकाचे नाव आणि पान वहीत लिहावे. चहा सुरुवातीलाच घ्या. मध्ये चहा आला की बैठक मोडते ती मोडतेच.

कथानक सांगण्याला एक मर्यादा घाला : पुस्तकाच्या पहिल्या चौथाईच्या पुढचे काही सांगायचे नाही. रहस्यकथा असेल तर पहिल्या दोन प्रकरणांच्या पुढे जायचे नाही. माहितीपर पुस्तकाला ही अट लागू नाही. तिथे नवीन कळलेली एक गोष्ट सांगावी आणि लेखकाला ती कशावरून कळली तेही सांगावे. कागदपत्रावरून, प्रत्यक्ष पाहून की ऐकीव? या एका प्रश्नाने चांगले आणि उथळ पुस्तक लगेच वेगळे पडते. कविता असेल तर समजावू नका, दोनदा वाचा. पहिल्यांदा ऐकणारीचे लक्ष शब्दांकडे असते, दुसऱ्यांदा कवितेकडे जाते.

उतारा कुठला निवडावा? शेवट नको, आणि सुविचारासारखे सुटे वाक्यही नको. लेखकाचा हात जिथे दिसतो ती जागा निवडा : एखादा संवाद, एखाद्या कामाचे वर्णन, एखाद्या पात्राचा पहिला प्रवेश. वि. स. खांडेकरांची ‘ययाति’ घ्या. मूळ पुराणकथा बऱ्याच जणींना माहीत असते, ती सांगण्यात वेळ घालवू नये. या कादंबरीत ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा आळीपाळीने स्वतःच्या तोंडाने बोलतात. तेव्हा देवयानीच्या निवेदनातले अर्धे पान आणि शर्मिष्ठेच्या निवेदनातले अर्धे पान लागोपाठ वाचावे. दोघींच्या बोलण्याचा सूर कसा बदलतो ते ऐकणारीला आपोआप कळते, आणि पुस्तक उघडावेसे वाटते ते त्यामुळे.

‘लई भारी’ म्हणणारीला अडवू नका, फक्त ‘कुठल्या पानावर?’ एवढे विचारा. पान काढले की बोलणे आपोआप सुरू होते.

आणि शंभर पानी वही खरोखरच ठेवा. तारीख, कोण, पुस्तक, लेखक, प्रकाशक, कितवे पान, प्रत कुणाची, एवढे रकाने पुरेत. काही महिन्यांनी ‘ते अमकीने सांगितलेलं पुस्तक कुठलं गं?’ हा प्रश्न येतोच.

प्रश्न : मी शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत कामाला आहे, पाळी दर आठवड्याला बदलते. ‘मृत्युंजय’ घेतलंय, पण महिनाभरात शंभर पानंच झाली. कट्ट्यावर मित्र काय वाचतोस विचारतात. पुस्तक संपलेलं नसताना काय सांगणार? शिवाय चार दिवसांनी हातात घेतलं की मागचं विसरायला होतं.

उत्तर : सांगण्याची खरी वेळ पुस्तक अर्धे असतानाच असते. संपल्यावर माणूस निकाल देतो, मध्यावर असताना तो अंदाज बांधतो, आणि मित्रांना गप्पा मारायला अंदाजच बरा. ‘आता हा काय करेल असं मला वाटतं’ हे सांगा.

वेगाचे मनावर घेऊ नका. अशा कादंबरीचे एक पान मनात वाचायला सुमारे दोन मिनिटे लागतात. रोज वीस मिनिटे म्हणजे दहा पाने, आठवड्यातून पाच दिवस म्हणजे पन्नास. सातशे पानांचे पुस्तक चौदा आठवड्यांत होते. वर्षाला अशी तीन जाडजूड पुस्तके होतात, आणि हे काही थोडे नाही. रात्रपाळी असेल त्या आठवड्यात पाळीवरून आल्यावर वाचायला बसू नका. डोळे ओळींवरून फिरतात, डोक्यात काही शिरत नाही, आणि दुसऱ्या दिवशी तेच पान पुन्हा वाचावे लागते. निघण्याआधीची वीस मिनिटे धरा.

विसरण्याचे कारण बहुधा कुठेही थांबणे हे असते. आपल्याच कोल्हापूर जिल्ह्यातल्या आजऱ्याच्या शिवाजी सावंतांची ही 1967 साली आलेली कादंबरी नऊ भागांत आहे आणि कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण व श्रीकृष्ण असे सहाजण ती सांगतात. म्हणजे ‘मी’ कोण, हे दर भागात बदलते. चार दिवसांनी पुस्तक उघडल्यावर आधी हाच ‘मी’ हरवतो. त्यासाठी पोस्टकार्डाएवढा जाड कागद खूण म्हणून घाला. वरच्या बाजूला सध्या कोण बोलतो ते लिहा, खाली नवीन आलेल्या माणसांची नावे आणि नाते. थांबताना एकच ओळ लिहा : आता पुढे काय व्हायचे आहे. परत सुरू करताना मागचे दीड पान वाचून मग पुढे जा. जमेल तर दृश्य संपते तिथेच थांबा, परिच्छेदाच्या मध्ये कधीच नको.

कट्ट्यावर दुसऱ्या कुणाकडे तेच पुस्तक असेल तर पान क्रमांकावर विसंबू नका. आवृत्ती बदलली, अक्षरांचा आकार बदलला की पाने पुढेमागे होतात. ‘वृषालीचा भाग, सुरुवातीला’ असे सांगा.

प्रश्न : मी मंगळवार पेठेतला निवृत्त शिक्षक. आमच्या व्हॉट्सॲप गटावर सध्या वाचत असलेल्या पुस्तकांची चर्चा चालते, पण काहीजण पूर्ण पुस्तकाची पीडीएफच टाकतात. पानांचे फोटोही येतात. यातले काय चालते?

उत्तर : पूर्ण पुस्तकाची पीडीएफ चालत नाही, लेखकाचे हक्क संपलेले असल्याशिवाय. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर, पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून मोजून, साठ वर्षे हक्क राहतात. साने गुरुजी 1950 साली गेले, त्यामुळे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेली पुस्तके 1 जानेवारी 2011 पासून सर्वांसाठी खुली आहेत. खांडेकर 1976 साली गेले, म्हणजे त्यांची पुस्तके 2036 संपेपर्यंत संरक्षित आहेत. ‘जुने पुस्तक आहे, काय होतंय’ हा हिशेब म्हणूनच चुकतो. पुस्तक कधी छापले हे बघून भागत नाही, लेखक कधी गेला ते बघावे लागते.

अनुवादात आणखी एक पेच आहे. मूळ परदेशी कादंबरी खुली झालेली असली तरी तिचा मराठी अनुवाद हे अनुवादकाचे स्वतंत्र काम असते आणि त्याची साठ वर्षे वेगळी मोजतात. खुल्या पुस्तकाच्या नव्या आवृत्तीतली नवी प्रस्तावना आणि चित्रे यांनाही हेच लागू.

समीक्षा किंवा चर्चा करताना पुस्तकातला छोटा भाग उद्धृत करायला कायद्यात मुभा आहे. चार-सहा ओळींचा उतारा, सोबत पुस्तकाचे व लेखकाचे नाव आणि आपले दोन शब्द, एवढ्याने चर्चा उत्तम चालते. रोज एक पान असे महिनाभर टाकत राहणे मात्र चर्चेत बसत नाही. कवितेला जास्त जपावे, कारण आठ ओळी टाकल्या की बऱ्याचदा अख्खी कविताच टाकलेली असते. एखादे कडवे टाका आणि कविता कुठल्या संग्रहात आहे ते लिहा. मराठी पुस्तकाची आवृत्ती पुष्कळदा हजार-पाचशे प्रतींची असते. एका गटातून ती पीडीएफ दहा गटांत गेली की पुढची आवृत्ती निघणेच अवघड होते. सदस्यांना हे शांतपणे सांगा, आणि पीडीएफऐवजी पुस्तक कुठल्या वाचनालयात मिळते ते टाकायची सवय लावा. 1850 साली सुरू झालेले करवीर नगर वाचन मंदिर तुमच्या गावात आहे, तिथली वर्गणी भरली तर निम्म्या पीडीएफची गरज उरणार नाही.

प्रश्न : शाहूपुरीतल्या आम्ही मैत्रिणी एकमेकींना पुस्तकं वाचायला देतो. पावसाळ्यात परत येतात ती दमट, कधी बुरशी लागलेली. काय करावं?

उत्तर : कोल्हापूरच्या पावसात पुस्तक कोरडे राहणे सोपे नाही, पण नुकसान बहुतेक वेळा प्लॅस्टिकच्या कव्हरमुळे वाढते. आत गेलेला ओलावा बाहेर पडत नाही आणि बुरशीला आयती जागा मिळते. ने-आण करताना प्लॅस्टिकची पिशवी जरूर वापरा, घरी आल्यावर पुस्तक त्यातून लगेच काढा. कव्हर खाकी कागदाचे घाला. वर्तमानपत्राचे नको, शाई लागते आणि तो कागद लवकर पिवळा पडून खराब होतो.

परत आलेले पुस्तक थेट कपाटात ठेवू नका. बाकीच्या पुस्तकांनाही लागण होते. एक दिवस ते पंख्याखाली उभे करून, पाने थोडी उलगडून ठेवा. बुरशी दिसली तर ओल्या फडक्याने पुसू नका, ती कागदात आणखी घुसते. पुस्तक पूर्ण कोरडे होऊ द्या, मग गॅलरीत नेऊन, नाकाला रुमाल बांधून, मऊ ब्रशने बाहेरच्या दिशेने झाडा. कडक उन्हात तासन्‌तास ठेवले तर मुखपृष्ठाचा रंग उडतो आणि बांधणीचा डिंक तडकतो. कोवळे ऊन अर्धा तास पुरे.

कपाट भिंतीला चिकटवू नका, तीन-चार इंच पुढे ओढा. पुस्तके इतकी घट्ट लावू नका की बोट आत जाणार नाही. कसर ही बांधणीतल्या खळीवर आणि कागदावर जगते, तिला अंधार आणि ओल आवडते. म्हणून पावसाळ्यात पंधरवड्यातून एकदा पुस्तके हलवली तरी पुष्कळ फरक पडतो. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका. काही वर्षांत तो पिवळा पडून चिकट डाग ठेवतो.

आणि देताना वहीत तारीख लिहा. भांडणे पुस्तक न मिळाल्याने होत नाहीत, कुणाकडे आहे ते न आठवल्याने होतात.

प्रश्न : मुलगा सातवीत, इंग्रजी माध्यमात आहे. तो इंग्रजी पुस्तकं भराभर वाचतो. मराठी पुस्तक दिलं की दोन पानांत कंटाळतो. घरी रात्री आम्ही तिघं काय वाचतोय ते एकमेकांना सांगतो, त्यात त्याला मराठीत कसं आणावं?

उत्तर : तो इंग्रजीत वाचतो ते त्याला मराठीत सांगू द्या, तिथून सुरुवात करा. अडलेला शब्द इंग्रजीत आला तर टोकू नका. मराठी वाचनात तो बहुधा कंटाळत नाही, दमतो. जोडाक्षरे आणि लांब वाक्ये यांत त्याचा वेग इंग्रजीच्या निम्म्यावर येत असेल, आणि हुशार मुलाला आपण हळू आहोत हे सहन होत नाही.

त्यामुळे त्याच्या वयाची मराठी कादंबरी एकदम हातात देऊ नका. चार-पाच पानांत संपणाऱ्या कथा घ्या, अक्षर मोठे असलेले पुस्तक निवडा. पहिली दोन पाने तुम्ही मोठ्याने वाचा, पुस्तक त्याच्यासमोर उघडे ठेवून, म्हणजे त्याचे डोळे ओळीवरून चालत राहतात. गोष्ट रंगात आली की पुढचे एक पान त्याला वाचायला द्या, मग पुन्हा तुम्ही घ्या. तो चुकीचे वाचेल तेव्हा परिच्छेद संपेपर्यंत थांबा. रोज दहा मिनिटांच्या वर जाऊ नका, तो ‘अजून’ म्हणाला तर मात्र पुढे वाचा.