टेक्सास की कॅरोलायना? सॉस सोडा, मागे लाकडाचा ढीग आहे का बघा

काका, तुमचा प्रश्न असा की मुलीकडे डॅलसला येताय तर खरं बार्बेक्यू कुठलं, टेक्सासचं की कॅरोलायनाचं, आणि तुम्ही सगळं खाता पण काकू बीफ-पोर्क खात नाहीत तर त्यांनी काय करायचं. मी बरीच वर्षं इकडच्या दक्षिणेत राहतोय आणि या नादापायी पुष्कळ पेट्रोल जाळलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी एक डोक्यातून काढा. आपल्याकडे बार्बेक्यू म्हटलं की टेबलावर शेगडी आणि शिगेवर पनीर-चिकन. इकडे त्याला ग्रिलिंग म्हणतात, मोठ्या आचेवरचं झटपट काम. इथलं जुन्या वळणाचं बार्बेक्यू म्हणजे जनावराचा चिवट, एकेकाळी स्वस्त असलेला भाग घ्यायचा आणि लाकडाच्या धुरात मंद धगीवर तासन् तास ठेवायचा. टेक्सासचं ब्रिस्केट घ्या, म्हणजे गुराच्या छातीचा भाग, ५-६ किलोचा तुकडा, साधारण ११०-१३० डिग्री सेल्सियसला १२-१५ तास. मजा अशी की मांस ७० डिग्रीच्या आसपास गेलं की तिथेच अडकतं, कारण बाहेर येणारं पाणी वाफ होऊन मांसाला गार करत राहतं, आणि हे कधीकधी कित्येक तास चालतं. नवशिका इथेच घाबरून आग वाढवतो आणि सगळं वाळवून ठेवतो. मुरलेला माणूस नुसता लाकूड सरकवत बसतो, कारण त्याला माहीत असतं की ९५ च्या जवळ पोचेपर्यंत आतल्या चिवट शिरा-पडद्यांचं जिलेटिन होतं आणि मग ते बोटाने तुटतं. म्हणजे पिटमास्टर (पिट म्हणजे मांस भाजायची धुराची भट्टी, ती सांभाळणारा) हा मसाल्याचा उस्ताद नसतो, आगीचा असतो. मसाला म्हणाल तर मध्य टेक्सासात मीठ आणि मिरी, बस्स.

म्हणून मला टेक्सास की कॅरोलायना हा वादच फारसा पटत नाही. रात्रभर लाकूड कोण जाळतंय ते बघा. दुकानाच्या मागे लाकडाचा ढीग दिसला तर आत जा, गॅसचं नळकांडं दिसलं तर पुढे चला, मग भिंतीवर कितीही जुने फोटो असोत. नॉर्थ कॅरोलायनात तर पुष्कळ नावाजलेल्या ठिकाणी गॅस-इलेक्ट्रिकचे कुकर आलेत. त्यांनाही दोष काय देणार, लाकूड महाग, रात्रपाळीला माणूस मिळत नाही, वर पिटला आग लागायची भीती कायमची.

डॅलसहून जवळ म्हणजे मध्य टेक्सासच. लॉकहार्ट, टेलर, एल्गिन ही गावं. इथली परंपरा जर्मन आणि चेक खाटकांची, न विकलेलं मांस धुरावर भाजून, सॉसेज करून विकायचे, म्हणून अजूनही वजनावर आणि खाटकाच्या कागदात मिळतं. लाकूड पोस्ट ओकचं, म्हणजे ओकचीच एक जात. लॉकहार्टचं क्रॉइट्झ मार्केट १९०० पासूनचं. तिथे भावाबहिणीत दुकान आणि इमारत यावरून फाटलं, तेव्हा १९९९ मध्ये भावाने जुन्या पिटमधले पेटते निखारे टबात घालून रस्त्यावरून ओढत नव्या जागेत नेले आणि बहिणीने जुन्या इमारतीत स्मिटीज सुरू केलं. भांडणापेक्षा मला त्यातलं निखारे न्यायचं फार आवडतं. २०२४ मध्ये तर मिशलिन या नावाजलेल्या रेस्टॉरंट-गाइडने टेक्सासच्या चार बार्बेक्यूवाल्यांना स्टार दिले, त्यामुळे रांगा अजून वाढल्यात.

पण एकच ठिकाण करणार असाल तर लेक्सिंग्टन गावचं स्नोज. फक्त शनिवारी, सकाळी ८ ला उघडतं, डॅलसहून तीनेक तास. तिथल्या टूट्सी टोमानेट्झ बाईंचा जन्म १९३५ चा, पिटवरचं काम १९६६ पासून, आणि ऐंशी ओलांडल्यावरही आठवडाभर शाळेत साफसफाई-देखभालीची नोकरी आणि शुक्रवारी मध्यरात्रीनंतर पिटवर हजर, फावड्याने निखारे टाकत. २००८ मध्ये टेक्सास मंथली मासिकाने स्नोजला राज्यात पहिला नंबर दिला तोवर बाहेर फार कोणाला माहीत नव्हतं.

कॅरोलायनाचं म्हणाल तर तिकडे डुक्कर. नॉर्थ कॅरोलायनाच्या पूर्व भागात अख्खं डुक्कर, वर व्हिनेगर आणि मिरची. एडन गावचं स्कायलाइट इन १९४७ चं, छपरावर चक्क संसदेसारखा घुमट, आणि मिळतं काय तर कुटलेलं पोर्क, कॉर्नब्रेड आणि कोबीचं स्लॉ. पश्चिमेकडे गेलात की नुसता खांद्याचा भाग आणि सॉसमध्ये टोमॅटो येतो, यावरून ते एकमेकांशी बोलायचे बंद होतात. साऊथ कॅरोलायनाच्या हेमिंग्वे गावातला काळा पिटमास्टर रॉडनी स्कॉट, अकराव्या वर्षी पहिलं डुक्कर त्याने भाजलं, लाकूड लोखंडी पिंपात जाळून नुसते निखारे फावड्याने खाली पसरायचे ही त्यांची घरची पद्धत, आणि २०१८ मध्ये त्याला जेम्स बिअर्ड हा अमेरिकेतला खाद्यक्षेत्रातला मोठा पुरस्कार मिळाला. हे मुद्दाम लिहितोय कारण टीव्हीवर पिटमास्टर म्हणजे गोरा दाढीवाला असं चित्र बसलंय, आणि दक्षिणेत पिढ्यान्पिढ्या हे रात्रीचं काम केलं ते गुलाम केलेल्या आणि नंतर स्वतंत्र झालेल्या काळ्या लोकांनी. कॅन्सस सिटीच्या बार्बेक्यूचं सगळं घराणं हेन्री पेरी या काळ्या माणसाच्या १९०८ च्या धंद्यातून निघालंय.

मेम्फिसच्या रिब्ज ठीक, अलाबामाचा मेयोनीजचा पांढरा सॉस मला झेपला नाही.

टेक्सासच्या पार टोकाला, मेक्सिको सीमेवर ब्राउन्सव्हिलला व्हेराज आहे, तिथे गुरांची मुंडकी मेस्किट या काटेरी झाडाच्या निखाऱ्यांवर जमिनीतल्या खड्ड्यात रात्रभर पुरून ठेवतात, आपल्या रायगडच्या पोपटीचा कोणी लांबचा चुलता म्हणा. आरोग्य खात्याच्या नियमांमुळे नवीन कोणाला असा खड्डा करता येत नाही, यांचा नियमाआधीचा म्हणून चालतो. फक्त वीकेंडला.

आता काकूंचं. अमेरिकेत बार्बेक्यूत मटण मिळतं यावर आपले लोक विश्वासच ठेवत नाहीत, पण केंटकीत ओवेन्सबरोला मिळतं. एकोणिसाव्या शतकात आयात लोकरीवर कर बसला तेव्हा तिकडे मेंढ्या वाढल्या, आणि लोकर देऊन म्हातारी झालेली मेंढी शिजवायची तर हिकरीच्या लाकडाच्या धुरावर रात्रभर ठेवण्याशिवाय इलाज नाही. वर व्हिनेगर आणि वूस्टरशायर सॉसचा पातळ काळा डिप. मेंढीचा वास येतो, बोकडाच्या मटणाची अपेक्षा ठेवू नका. उन्हाळ्यात तिथल्या कॅथलिक चर्चच्या पिकनिकना गावकरीच पिट लावतात, मोठ्या कढयांत बर्गू नावाचा रस्सा असतो, पण त्यात कुठलं कुठलं मांस आहे ते विचारून घ्या. डॅलसहून हे एक अख्खा दिवस गाडी चालवण्याइतकं लांब आहे, नॅशव्हिलला जाणार असाल तर मात्र तिथून दोन-सव्वादोन तास.

तेवढं जमत नसेल तर टेक्सासातल्या चांगल्या ठिकाणी टर्की ब्रेस्ट असतंच, आणि स्नोजला चिकन थेट निखाऱ्यावरचं असतं, ते काकूंना आवडेल. सॉसेज चिकनचं समजून घेऊ नका, बहुधा बीफ-पोर्कचं असतं. बीन्स आणि पालेभाजीसुद्धा आधी विचारा, त्यात बेकन किंवा ब्रिस्केटचे तुकडे घालतात. आणि एकाच कटिंग बोर्डवर एकाच सुरीने सगळं कापतात, काकूंना ते चालत नसेल तर त्यांचं पहिल्यांदा आणि स्वच्छ बोर्डवर कापायला सांगा, सकाळी रांगेत लवकर असलात तर ते ऐकतात.