पासिंग न लागणारी ई-स्कूटर घेतोय. बॅटरी घरात चार्ज केली तर आगीचा धोका असतो का?

तुम्ही लिहिलंय की वडिलांसाठी २५ च्या स्पीडची गाडी बघताय, घर तिसऱ्या मजल्यावर आहे, बॅटरी वर आणून चार्ज करणार आणि दुकानदार म्हणतोय, ‘सरकारमान्य आहे, काही होत नाही.’ मी भोसरीत बॅटरी पॅक दुरुस्त करतो. रोज तेच उघडून बसलेला असतो, म्हणून सांगतो.

दुकानदाराचं निम्मं खरं आहे. मोटर २५० वॅटच्या आत, वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोपर्यंत असेल, तर कायद्याने ते मोटार वाहनच नाही. म्हणून लायसन्स नको, नंबर प्लेट नको. पण गाडी या व्याख्येत बसते याचं चाचणी संस्थेचं (आपल्या पुण्यातली एआरएआय, मानेसरची आयकॅट वगैरे) प्रमाणपत्र मात्र लागतं. ते मागा, आणि त्यावर तुमच्याच मॉडेलचं नाव आहे का ते बघा.

२०२२ च्या मार्चमध्ये लोहगावला रस्त्याकडेला पेटलेल्या स्कूटरचा व्हिडिओ तुम्ही पाहिला असेल. तशा घटना वाढल्यावर एआयएस १५६ हे बॅटरीच्या सुरक्षेचं मानक कडक झालं. पहिला टप्पा डिसेंबर २०२२ पासून, दुसरा ३१ मार्च २०२३ पासून. त्यात पॅकमधला एक सेल (छोटी बॅटरी, असे बरेच जोडून पॅक होतो) मुद्दाम तापवून बिघडवतात आणि शेजारचे सेल पेट घेतात का ते बघतात. पॅकने पेटायचं नाही, फुटायचं नाही आणि चालवणाऱ्याला आधी इशारा द्यायचा. चाचणी चांगली आहे. पण हे मानक एल श्रेणीच्या, म्हणजे दुचाकी-तीनचाकी मोटार वाहनांसाठी, आणि तुमची गाडी तर वाहनच नाही! त्यामुळे पॅक या मानकाचा आहे का, हे वेगळं विचारा आणि बिलावर लिहून घ्या.

आता माझ्या टेबलावरची गोष्ट. गेल्या वर्षी एक गृहस्थ पिशवीत पॅक घेऊन आले. निळं आवरण एका कोपऱ्यात तपकिरी झालेलं आणि नेलपॉलिशसारखा गोडसर वास. असा वास आला की मी पॅक आधी अंगणात नेतो, बाकी सगळं नंतर. गाडी मुळात लेड अॅसिडची, कुणीतरी लिथियम बसवून दिलेली. चढावर गाडी बंद पडते म्हणून दुसऱ्या कुणीतरी बीएमएस (पॅकवर जास्त ताण आला की वीज तोडणारं सर्किट) बायपास केलेला. चार्जर जुनाच, कारण दोन्हींवर ‘६० व्होल्ट’ लिहिलेलं. इथेच लोक फसतात. पाच लेड अॅसिड बॅटऱ्यांचा चार्जर ७३.५ व्होल्टपर्यंत जातो. त्यांच्या पॅकमध्ये ओळीने १६ सेल होते, प्रत्येकाची मर्यादा ४.२, म्हणजे ६७.२ ला थांबायला हवं. थांबवणारा बीएमएस तर काढलेला. प्रत्येक सेलला साडेचारच्या वर ताण, तोही रात्रभर. पेटला नाही हे नशीब.

म्हणून कंपनीचा पॅक, त्याच पॅकचा चार्जर, आणि कुणाला आत हात घालू द्यायचा नाही. ‘स्पीड वाढवून देतो’ म्हणणाऱ्याला तर दारातूनच परत पाठवा. एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट, लिथियमचाच एक प्रकार) सेलचा पॅक मिळत असेल तर चार पैसे जास्त द्या. तो पेटायला जास्त तापमान लागतं. पेटतच नाही असं मात्र नाही.

राहिली जागा. वसईत २०२२ मध्ये हॉलमध्ये चार्जिंगला लावलेली बॅटरी फुटून सात वर्षांचा मुलगा गेला. त्याच महिन्यात सिकंदराबादला तळाच्या ई-स्कूटर शोरूममध्ये आग लागली आणि वरच्या हॉटेलातली आठ माणसं गेली. धूर जिन्याने वर चढला. तेव्हा शक्य असेल तर पार्किंगमध्ये वेगळा पॉइंट घ्या. सोसायटीची परवानगी मिळवायला कटकट होते, मान्य. घरातच लावायची वेळ आली तर बाल्कनीत, फरशीवर, सगळे जागे असताना. पलंगाखाली नको, आणि बाहेर पडायच्या दाराशी तर अजिबात नको. उन्हात उभी राहिलेली गाडी आली की अर्धा-पाऊण तास गार होऊ द्या.

फुगवटा, वास किंवा फुसफुस आवाज आला तर उचलून लिफ्टमधून खाली न्यायच्या भानगडीत पडू नका. दार ओढून घ्या, वडिलांना घेऊन खाली या, १०१ ला फोन करा आणि ‘लिथियम बॅटरी आहे’ हे आधी सांगा. विझल्यासारखी दिसली तरी ती काही तासांनी पुन्हा पेटू शकते.

मॉडेलचं नाव आणि चार्जरच्या लेबलचा फोटो टाकलात तर आकडे जुळतात का ते बघून सांगतो.