दोन मुठी आणि एक करंगळी

"मॅडम, सासरे जाऊन वर्ष होत आलं, तरी हे रोज रात्री एकटेच बांधीकडे (धानाच्या शेताकडे) जाऊन आकाशाकडे बघत बसतात. डोक्यावर तर परिणाम झाला नसेल ना?" भंडारा जिल्ह्यातील एका धानउत्पादक शेतकऱ्याच्या पत्नीने विचारलेला हा प्रश्न समुपदेशक म्हणून निरनिराळ्या रूपांत माझ्याकडे नेहमी येतो. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

त्या शेतकऱ्याचे वडील १९७१ च्या युद्धात विक्रांत या विमानवाहू नौकेच्या बॉयलर विभागात होते. पेटीत ‘पूर्वी स्टार’ हे, त्या युद्धात पूर्व आघाडीवर केलेल्या सेवेचे पदक होते. पण युद्धाविषयी ते घरात कधी बोलले नाहीत. एकदाच, वीज गेलेल्या रात्री, खळ्यावर हात ताणून त्यांनी मुलाला दाखवले होते : क्षितिजापासून दोन मुठी आणि वर एक करंगळी, तिथे ध्रुव. "तिकडे समुद्रावरही एवढाच वर असायचा," एवढेच ते म्हणाले होते.

पहिल्या भेटीत मी आठवड्यातून दोनच रात्री जाण्याचा सल्ला दिला. तो घाईचा होता, हे मला आज स्पष्टपणे नोंदवावेसे वाटते, कारण तो माणूस तिथे नेमके काय करतो, हे मी विचारलेच नव्हते. दुसऱ्या भेटीत त्यांनी शाळेच्या कोनमापकाला दोरा आणि वजनासाठी एक लोखंडी नट बांधून केलेले, ताऱ्याची उंची मोजण्याचे साधन माझ्यासमोर ठेवले. ध्रुवाची क्षितिजापासून अंशांत मोजलेली उंची म्हणजे जवळजवळ त्या ठिकाणचा अक्षांश. भंडाऱ्याकडे ती सुमारे २१ अंश भरते (ताणलेल्या हाताची मूठ सुमारे दहा अंशांची, करंगळी एका अंशाची), आणि ४ डिसेंबर १९७१ रोजी विक्रांतवरील सी हॉक विमानांनी आजच्या बांगलादेशातील ज्या कॉक्स बझारवर हल्ला केला, तेही साधारण त्याच अक्षांशावर आहे. वडिलांचे ते एक वाक्य मुलगा धुऱ्यावर बसून रोज पडताळून पाहत होता.

अशा वेळी छंद किती तास चालतो, यापेक्षा माणूस तिथून माणसांत परत येतो की नाही, हे मी पाहते. ते परत येत नव्हते. झोप तुटली होती, धान विकण्याचे कामही लांबणीवर पडले होते, आणि सर्वांत जड गोष्ट म्हणजे, "बाबांना मी कधी काही विचारलंच नाही," हे ते प्रथमच मोठ्याने बोलले आणि बराच वेळ रडले. त्यामुळे छंद सोडा असे न सांगता, त्यात घरच्यांना सोबत घ्या असे मी सुचवले. झोपेसाठी मात्र डॉक्टरांकडे पाठवले.

नौदल दिनाच्या रात्री सारे घर धान निघालेल्या बांधीत गेले. डिसेंबरात सप्तर्षी रात्री उशिरा उगवतात, म्हणून त्यांनी शर्मिष्ठा या तारकासमूहावरून ध्रुव शोधून दाखवला. आजींनी तेव्हा सांगितले, की युद्धाच्या दिवसांत जहाजावर रात्री दिवे लावत नसत आणि बॉयलरच्या उष्म्यातून वर आल्यावर अंधारात आपले गाव कुठल्या दिशेला असेल, याचा अंदाज आजोबा बांधत. हे आजींनी आजवर कुणालाही सांगितले नव्हते.

अकरा वर्षांच्या नातीने हात ताणला. मुठी लहान, पण हातही तेवढाच आखूड, त्यामुळे माप तेच आले : दोन मुठी आणि एक करंगळी.