अंड्याच्या रश्शाला सोलं (आमसुलं) कधी घालावीत?

प्रश्न (वेंगुर्ले): नारळाच्या रसातला अंड्याचा रस्सा दर वेळी फाटतो. उकडलेल्या अंड्याच्या बलकाभोवती हिरवट कडाही येते. शिवाय, अंड्यासोबत फळ खावं का?

उत्तर: रस्सा फाटतो तो मोठ्या आचेने आणि आंबटाने. ४ अंड्यांसाठी अर्ध्या नारळाचा रस काढा. पहिला दाट रस पाऊण वाटी बाजूला ठेवा. त्याच चोथ्यात पाणी घालून २ वाट्या पातळ रस काढा. कांदा-मसाला परतून पातळ रसात शिजवा. आच अगदी मंद करून मगच दाट रस घाला, ढवळत राहा, कडेला बुडबुडे दिसले की गॅस बंद. ४-५ आमसुलं कोमट पाण्यात भिजवून त्यांचं आंबट पाणी (आगळ) सगळ्यात शेवटी. उकळत्या रश्शात सोलं टाकली की फाटलंच समजा!

हिरवी कडा जास्त उकडल्याने येते. बलकातलं लोह आणि पांढऱ्यातलं गंधक एकत्र येतं. अपाय नाही, पण बलक कोरडा, भुसभुशीत होतो. पाणी उकळल्यावर १० मिनिटं पुरेत, मग लगेच गार पाण्यात. आजचंच गावठी अंडं नीट सोललं जात नाही. उकडायला ४-५ दिवसांचं घ्या.

फळ जरूर खा. अंड्यातलं लोह शरीराला सहज मिळत नाही. पेरू, पपई यांतलं क जीवनसत्त्व त्याला मदत करतं. जेवणाबरोबर चहा मात्र नको, त्याने लोह उलट कमी मिळतं.